पंखानृत्याचे वय

सोलला येणाऱ्या पाहुण्यांना तासाभरात कोरियाचे संगीत आणि नृत्य दाखवले जाते. नर्तकींच्या हातातल्या पंख्यांचे एक मोठे फूल उमलते, टाळ्या पडतात. पाहुण्याला वाटते, हे हजार वर्षांपूर्वीचे. मला मात्र सनावळी आठवते.

हे पंखानृत्य किम बेक-बोंग या नर्तकीने १९५४ साली रंगमंचावर आणले, कोरियन युद्धातल्या शस्त्रसंधीच्या दुसऱ्याच वर्षी. चार वाद्यांचे ‘सामुलनोरी’ तर त्याहून धाकटे. लहानमोठ्या दोन काशाच्या थाळ्या, ढोल आणि डमरूच्या आकाराचा जांगू ही शेतकऱ्यांची, गावभर नाचत वाजवायची वाद्ये. किम दोक-सू आणि साथीदारांनी १९७८ मध्ये ती सोलच्या एका छोट्या नाट्यगृहात आणली. ती बसून वाजू लागली.

मग जुने काय? दरबारी संगीत. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला, राज्य गेले, वादक घटत गेले. उरलेल्यांनी आपली विद्या शिष्यांच्या हाती दिली. तोच वारसा घेऊन १९५१ मध्ये राष्ट्रीय संगीतसंस्था सुरू झाली, तीही बुसानमध्ये. कारण ऐन युद्धात सरकारच तेथे आश्रयाला होते. १९६४ मध्ये राजपूर्वजांच्या पूजेचे संगीत आणि ‘पानसोरी’ हे कथागायन यांना सरकारी संरक्षण मिळाले.

म्हणून या कार्यक्रमाला पर्यटकांचा देखावा म्हणून हिणवणे मला पटत नाही. त्यात जपलेले आहे, तसे नव्याने रचलेलेही. पाहुण्याला दोन्ही सांगावे. टाळी कमी होणार नाही.