समालोचनाच्या खोलीतली खुर्ची

इंदूरच्या मराठी माणसाशी क्रिकेटविषयी बोलू लागा, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला होळकरांचा संघ येतोच. चार वेळा रणजी करंडक जिंकणारा तो संघ आणि त्यातले कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर. ही नावे आमच्या घरांत काका-मामांच्या नावांसारखी घेतली जात. एक नाव मात्र मी या गप्पांत क्वचितच ऐकले. ते कर्नलसाहेबांच्या कन्येचे, चंद्रा नायडू यांचे.

सी. के. मूळचे तेलुगूभाषक, जन्माने नागपूरचे. १९२३ साली होळकर महाराजांनी त्यांना इंदुरात आणले आणि ते इथलेच झाले. १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व त्यांनी केले. चंद्राताई इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या, पुढे इंदूरच्या शासकीय कन्या महाविद्यालयाच्या प्राचार्या म्हणून निवृत्त झाल्या. १९७७ साली इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाचा मुंबईशी इंदुरात सामना झाला, तेव्हा त्या समालोचनासाठी माइकसमोर बसल्या. भारतातील पहिली स्त्री क्रिकेट समालोचक म्हणून त्यांची नोंद आहे ती या सामन्यामुळे. वडिलांच्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी इंग्रजीत लिहिले. ४ एप्रिल २०२१ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, इंदुरातच त्यांचे निधन झाले.

१९७७ साली ही गोष्ट किती वेगळी होती, हे कळायला त्या काळचा रेडिओ आठवावा लागेल. धावते वर्णन म्हणजे पुरुषाचा आवाज, हे इतके गृहीत होते की त्याचा कोणी विचारही करत नसे. हिंदीत जसदेव सिंग, आमच्या इंदूरचेच सुशील दोशी. पुणे-मुंबईकडून मराठीत बाळ ज. पंडित. ऐकणाऱ्यांत मात्र बायका भरपूर होत्या. माझी आई भाजी निवडता निवडता वर्णन ऐके आणि कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने धावफलक मांडी. वडील कचेरीतून आले की आधी आईला विचारीत, “गावसकर आहे ना अजून?” घरात खेळ जाणणारी ती, पण जाणकार म्हणून मान बाहेरच्यांचा. अशा घरांतून चंद्राताईंचा आवाज एकदा ऐकू आला आणि थांबला. पुढे त्यांनी समालोचन फारसे केले नाही. त्यांच्यामागून लगेच दुसरी कोणी आली नाही.

का आली नाही, याची दोन कारणे मला दिसतात.

पहिले कारण प्रक्षेपणाच्या व्यवस्थेत आहे. रेडिओ काय आणि दूरदर्शन काय, सारे सरकारच्या हाती होते. वाहिनी एक, समालोचक मोजके, ठरलेले. १९९३ च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद पेटला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. खाजगी वाहिन्यांचा रस्ता मोकळा झाला. क्रिकेट हा मोठा धंदा झाला, आणि धंद्याला घरातला प्रत्येक प्रेक्षक हवा असतो. बायकाही क्रिकेट बघतात, हे आईच्या पेन्सिलीला ठाऊक असलेले सत्य वाहिन्यांना तेव्हा समजले.

त्यातून २००३ च्या विश्वचषकात मंदिरा बेदी आली. दूरदर्शनवरच्या ‘शांती’ मालिकेमुळे ती आपल्या घराघरांत माहीत होतीच. सामन्याआधी आणि मधल्या वेळात माजी खेळाडूंना ती प्रश्न विचारी, प्रेक्षकांच्या मनातले साधे प्रश्न. पुढे तिने मुलाखतींतून सांगितले की सुरुवातीला शेजारी बसलेले खेळाडू तिच्या प्रश्नांची दखलही घेत नसत. वर्तमानपत्रांनी तिच्या साड्यांवर रकानेच्या रकाने लिहिले. तिची टिंगल सोपी होती, परंतु तिने केलेले काम कमी लेखू नये. तिने ती खुर्ची तापत ठेवली. मात्र “ही किती खेळली आहे?” हा प्रश्न तिला चिकटून राहिला. गंमत अशी की रेडिओवरच्या कित्येक नामवंत पुरुष समालोचकांना हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता.

दुसरे कारण अधिक खोल आहे. बाईला खेळाडू म्हणून ओळख मिळाल्याशिवाय तिला जाणकार म्हणून ओळख मिळणार नव्हती. भारतात स्त्रियांची क्रिकेट संघटना १९७३ साली स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात भरली. संघ होते अवघे तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. नियामक मंडळाने स्त्रियांचे क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतले ते थेट २००६ साली. मधली तेहेतीस वर्षे मुली अनारक्षित डब्यांतून प्रवास करून, पदरचे पैसे घालून खेळल्या. त्यांचे सामने पडद्यावर दिसतच नव्हते, मग समालोचनाला त्यांना बोलावणार कोण?

या दोन्ही कारणांची गाठ जिच्या आयुष्यात सुटली ती लिसा स्थळेकर. आडनाव ऐकताच आपले कान टवकारतात. १३ ऑगस्ट १९७९ रोजी तिचा जन्म पुण्यात झाला. तिथल्या अनाथाश्रमातून मूळच्या मुंबईच्या एका स्थळेकरांनी आणि त्यांच्या इंग्रज पत्नीने तिला दत्तक घेतले. अमेरिका, केनिया असे करत हे कुटुंब सिडनीत स्थिरावले. क्रिकेटचे वेड वडिलांकडून आले. लहानपणी ती मुलांच्या संघात एकटी मुलगी म्हणून खेळे. २००१ साली ती ऑस्ट्रेलियाकडून एकदिवसीय सामना खेळली. ऑफस्पिन आणि भरवशाची फलंदाजी यांच्या जोरावर स्त्रियांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी ही जोड साधणारी ती पहिली ठरली. दोन एकदिवसीय आणि दोन वीस षटकांचे विश्वचषक तिने जिंकले. १७ फेब्रुवारी २०१३ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेस्ट इंडीजचा शेवटचा झेल तिनेच सूर मारून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी निवृत्ती जाहीर केली. ज्या गावी जन्मली तिथून काही तासांच्या अंतरावर तिचा खेळ संपला.

तिथून तिचे दुसरे आयुष्य सुरू झाले. २०१५ च्या आयपीएलमध्ये अंजुम चोप्रा, ईशा गुहा, मेलनी जोन्स आणि लिसा अशा चौघी माजी खेळाडू समालोचनाला बसल्या. पुरुषांचे सामने आणि वर्णनाला बायका, हे त्या स्पर्धेत प्रथमच घडत होते. दूरचित्रवाणीवरचे समालोचन रेडिओहून वेगळे असते. चित्र समोर दिसतच असते, त्यामुळे कधी गप्प बसायचे हेही कळावे लागते. कानात दिग्दर्शकाच्या सूचना चालू असतात आणि त्यातच पुढच्या चेंडूआधी दोन वाक्यांत नेमके सांगायचे असते. फिरकी गोलंदाजाने टप्पा का आखूड केला, क्षेत्ररक्षक दोन पावले आत का आला, हे लिसा सांगते तेव्हा ते तिच्या बोटांनी केलेले असते. “किती खेळली आहे?” या प्रश्नाला तिच्या बाबतीत धावफलकच उत्तर देतो. २०२२ साली क्रिकेटपटूंच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ती पहिली स्त्री अध्यक्ष झाली.

पण एवढ्याने समाधान मानावे का? मला तसे वाटत नाही. कित्येक पुरुष न खेळताही खेळावर बोलत आले. बाईने मात्र आधी विश्वचषक जिंकून यावे, ही अट अजून पुरती गेलेली नाही. चंद्राताई इंग्रजीच्या जाणत्या प्राध्यापिका होत्या, खेळ त्यांनी घरात जन्मापासून पाहिला होता. त्यांच्या योग्यतेच्या पुरुषाला एवढ्यावर खुर्ची मिळाली असती.

आता २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला आहे. सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती. आयपीएलचे वर्णन इतर भाषांबरोबर मराठीतूनही ऐकायला मिळू लागले. आपल्यासारख्या घरांत, जिथे मुले शाळेत एक भाषा बोलतात आणि जेवणाच्या पाटावर दुसरी, तिथल्या मुली दोन-तीन भाषांत सहज वावरतात. समालोचनाला याहून चांगले भांडवल कोणते? घरातली मुलगी सामना बघताना आपणहून बोलू लागली, तर तिला “तुला काय कळतं?” म्हणून गप्प करू नका. तिच्या हाती वही-पेन्सिल द्या आणि धावफलक मांडू द्या.