साखळीच्या मापाचे वर्तुळ

आमच्या आष्टीत इतिहास म्हटला की तो 1942 चा. 16 ऑगस्टचा दिवस, पोलीस ठाण्यावर गेलेला जमाव, गोळीबार, दोन्ही बाजूंची पडलेली माणसे आणि पुढे सुनावलेल्या फाशीच्या शिक्षा, हे सारे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अशा गावात बसून मी कुत्र्यांचा इतिहास लिहायला घ्यावा, हे काहींना रुचणार नाही. पण माझ्याच अंगणातील एका कुत्र्याने मला तो वाचायला लावला, त्याला माझा नाइलाज आहे.

काळू आमच्याकडे आला तो एका ओसाड वीटभट्टीवरून. माणसे निघून गेली आणि हा खांबाला बांधलेला तसाच मागे राहिला. दोघा पोरांनी साखळी तोडून त्याला माझ्या दारात आणून सोडले. मला वाटले, मोकळा झालेला जीव आता अंगणभर उधळेल. तो उधळला नाही. अंगणाच्या मध्यावर जाऊन तो गोल फिरू लागला. डाव्या अंगाने, मान खाली घालून, तासन्‌तास. चार दिवसांत मातीत एक रेघ उमटली. मी दोरीने मोजून पाहिले, तर मध्यापासून रेघेपर्यंतचे अंतर तुटलेल्या साखळीच्या लांबीइतके भरले. साखळी दारामागे खुंटीला टांगलेली होती. तिचे माप मात्र कुत्र्याच्या अंगात उतरले होते.

शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून म्हणाली, "गुरुजी, हे पिसारलं हाये जी, याले घरात घेऊ नका." तिची शंका अगदीच वावगी नव्हती. गोल फिरण्याची कारणे पुष्कळ असतात. कानाच्या आतला रोग, मेंदूचा ताप, डिस्टेंपर, पाठीचे दुखणे, आणि भीती बाळगावी असा रेबीज. म्हणून पहिले काम गुरांच्या डॉक्टरांकडे जाण्याचे. त्यांनी काही दिवस त्याला वेगळा ठेवून पाहिला, कान तपासले, चाल पाहिली आणि सांगितले, "शरीर धड आहे. सवय जडली आहे."

ही सवय कोठून येते, या प्रश्नाने मला मागे नेले, ते थेट 1832 च्या मुंबईत. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम तेथे असे आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. त्या साली ही मुदत वाढविली गेली, आणि जूनमध्ये पारशी मंडळी चिडून उठली. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान. फोर्टात दंगा झाला, दुकाने बंद पडली. दोन वर्षांनी, 1834 साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. जीव मारण्याऐवजी जीव राखावा, ही बुद्धी थोर, यात शंका नाही. पण राखायचे म्हणजे कोठेतरी कोंडायचे, आणि कोंडलेल्या जिवाच्या मनात काय घडते, हा प्रश्न त्या काळी कोणाच्या ध्यानी आला नसला तर नवल नाही.

तो प्रश्न पुढच्या शतकात युरोपात निघाला. रशियात पावलॉवच्या प्रयोगशाळेत 1914 च्या सुमारास एका कुत्र्याला वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांतला फरक ओळखायला शिकविले. वर्तुळ दिसले की खाऊ, लंबवर्तुळ दिसले की काही नाही. दोन्ही आकृत्या हळूहळू सारख्या करीत नेल्या, तेव्हा इतके दिवस शांत असलेले ते जनावर किंचाळू लागले, अंग पिळू लागले. मन केवळ माणसाचेच मोडते असे नाही, हे त्या दिवशी दिसले. आणि योगायोग असा की, आमच्या आष्टीच्याच वर्षी, म्हणजे 1942 साली, हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाचा बंदिवासातील वन्य प्राण्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, पिंजरा किती लांबरुंद आहे एवढे पाहून भागत नाही. आत प्राण्याला करण्याजोगे काही आहे की नाही, ते पाहावे. करण्याजोगे काहीच नसले म्हणजे प्राणी तीच ती हालचाल करीत राहतो. ती आधी सुटकेची धडपड असते, मग तिचे कारण गळून पडते आणि नुसती हालचाल उरते. 2012 साली फिनलंडमधील संशोधकांनी शेपटीमागे धावणाऱ्या कुत्र्यांची पाहणी केली, तीत पिल्लूपणी आईपासून लवकर तोडलेल्यांत ही खोड अधिक आढळली.

आता माझ्या चुका सांगतो. पहिल्यांदा मी टाळ्या वाजवून ओरडलो; फेरे वाढले. मग त्या रेघेवर बाज आडवी टाकली. काळूने वर्तुळ दोन हात पलीकडे सरकवले, माप तेच. पोरे हसत भोवती जमत, तेही त्याला खतपाणीच होते. शेवटी मी जुन्या सवयीने वही घेतली आणि फेरे केव्हा सुरू होतात ते टिपू लागलो. दिवेलागणीला, मोटारसायकलचा आवाज आला की, आणि जेवणाची भांडी वाजली की. मग त्या वेळेच्या आधीच त्याला संत्र्याच्या बागांकडे फिरायला न्यायचे, हुंगायचे तितके हुंगू द्यायचे. भाकरी ताटलीत न वाढता तिचे तुकडे कडब्यात पसरायचे, म्हणजे नाकाला काम मिळे. फेरा सुरू झालाच तर रागवायचे नाही, हसायचे नाही. हलकेच हाक मारून दुसऱ्या कामाला लावायचे, आणि स्वस्थ बसला की घास द्यायचा. बांधायचे मुळीच नाही. ज्यांना एवढ्याने उतार पडत नाही त्यांना डॉक्टर क्लोमिप्रामिनसारखे, माणसांच्या मनोविकारावरचे औषध देतात. त्याचाही गुण यायला आठवडे लागतात. काळूला औषध लागले नाही, पण सहा महिने लागले.

हे सांगण्याचे कारण आजचे आहे. 2001 च्या नियमांनी भटक्या कुत्र्यांची नसबंदी करून त्यांना होते तेथेच सोडण्याची रीत घालून दिली, 2023 च्या नियमांनी ती राखली. पण 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, इस्पितळे, बसस्थानके अशा आवारांतील कुत्री उचलून निवाऱ्यात न्यावीत, परत तेथे सोडू नयेत, असे सांगितले. चावलेल्या लेकराच्या आईला यात काही चूक दिसणार नाही, आणि तिचे दुःख मी लहान लेखीत नाही. एवढेच म्हणतो की, निवारे बांधताना भिंती, पत्रे आणि अन्न यांचाच हिशेब मांडला, तर आपण वीटभट्टीचे खांबच उभारू. रोज फिरवायला माणूस, हुंगायला जागा आणि नाकाला काम, यांचाही खर्च त्या कागदावर धरायला हवा. 1834 साली हे कळत नव्हते, अशी सबब आता आपल्याला चालणार नाही.

गेल्या दिवाळीला गल्लीत फटाके सुरू झाले तसा काळू उठला आणि अंगणाच्या मध्यावर गेला. त्याने चार फेरे घेतले. मी हाक मारली. तो थांबला, माझ्याकडे पाहिले आणि येऊन बाजेखाली बसला. ती रेघ आता मुजली आहे, तिच्यावर सौ.ने तुळशीची रोपे लावली आहेत.