सदुसष्टावी जागा

दौंडहून नगरकडे निघाले की श्रीगोंदा तालुक्यातले काष्टी लागते. शनिवारचा जनावरांचा बाजार ही या गावाची ओळख. गिऱ्हाईक गाईचे दात पाहते, कास चाचपते, सड मोजते, कितवे वेत ते विचारते. अलीकडे गाईच्या बोलण्यात ‘ए-टू’ हा शब्दही कानावर पडतो. हा गुण मात्र दातावरून कळत नाही की कासेवरून. तो जनुकातल्या एका अक्षराचा आहे, आणि ती अक्षरे वाचायला माणूस शिकला तो १९६१ ते १९६६ या काळात.

१९६१ साली इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेत आशाफेनबर्ग यांना दिसले की, दुधातले बीटा-केसीन हे प्रथिन सगळ्या गाईंत सारखे नसते आणि हा फरक वंशपरंपरेने येतो. तो नेमका कुठे, हे त्या वेळी सांगता येण्यासारखे नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेत बेथेस्डा येथे निरेनबर्ग आणि मॅथाई यांनी ‘यू’ या एकाच अक्षराची आरएनए-माळ जिवाणूंच्या पेशीरसात घातली. तयार झाली ती फेनिलॲलनीन या एकाच अमिनो आम्लाची साखळी. लिपीतला पहिला शब्द लागला.

पुढच्या शब्दांसाठी मोठे काम केले हरगोविंद खोराना यांनी. मुलतान जिल्ह्यातल्या रायपूर खेड्यातल्या पटवाऱ्याचा हा मुलगा. पटवारी म्हणजे आपला तलाठी. वडिलांच्या दप्तराचा या शोधाशी संबंध नाही, पण समजून घ्यायला दप्तर फार सोयीचे आहे. मूळ नोंद कचेरीबाहेर जात नाही, बाहेर जाते ती नक्कल. पेशीतही डीएनए केंद्रकातच राहतो आणि त्याची आरएनए-नक्कल बाहेर येते. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो, प्रत्येक तिकडीसरशी एक अमिनो आम्ल आणले जाते आणि आधीच्याला जोडले जाते. खोरानांनी ठरावीक क्रमाच्या माळा स्वतः घडवून कोणती तिकडी काय सांगते ते पडताळले. १९६६ पर्यंत ६४ तिकड्यांचा तक्ता पुरा झाला: ६१ अमिनो आम्लांसाठी, तीन ‘थांबा’ सांगणाऱ्या. १९६८चे नोबेल निरेनबर्ग, खोराना आणि हॉली यांना मिळाले.

गाईच्या प्रत्येक पेशीत बीटा-केसीनचे जनुक असते, पण ते उघडते कासेतल्या पेशींत. २०९ अमिनो आम्लांच्या या साखळीत ६७व्या जागी ‘सीसीयू’ असेल तर प्रोलीन बसते. मधले अक्षर बदलून ‘सीएयू’ झाले तर हिस्टिडीन. पहिले ए-टू, दुसरे ए-वन. बदल नकलेतला नाही, मूळ दप्तरातला आहे. म्हणून तो वासरापर्यंत पोचतो.

तक्ता पुरा झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९६७ साली, मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला ‘बाएफ’ची स्थापना केली. जर्सी आणि होल्स्टिनच्या गोठवलेल्या रेतमात्रा शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोचू लागल्या. हेतू दूध वाढवण्याचा होता आणि तो साधला. ६७व्या जागेचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता. करण्याचे कारणही नव्हते.

आज बाजारात ‘देशी म्हणजे ए-टू, संकरित म्हणजे ए-वन’ असे सरसकट बोलले जाते. पहिला भाग बराचसा खरा आहे. भारतीय वंशांत ए-टू जवळजवळ सर्वत्र सापडते. दुसरा भाग चुकीचा. जर्सी-होल्स्टिनमध्येही ए-टू भरपूर आहे, आणि गाईकडे जनुकाच्या दोन प्रती असल्याने अनेक गाई दोन्ही प्रकारचे केसीन देतात. एखाद्या संकरित कालवडीची किंमत केवळ रंगावरून पाडली, तर नुकसान विकणाऱ्याचे होते. न वाचलेल्या अक्षराचे पैसे मोजणे किंवा कापणे, दोन्ही मला अन्यायाचेच वाटते.

आरोग्याचा वाद निराळा. ६७व्या जागी हिस्टिडीन असेल तर पचनात सात आम्लांचा एक तुकडा सहज सुटतो, हे खरे. त्याने रोग होतो का, हे तपासून युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली कार्यकारणसंबंध सिद्ध होत नसल्याचे म्हटले. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वेष्टनावरचे ‘ए-वन’, ‘ए-टू’ दावे काढायला सांगितले आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागेही घेतला.

संकलन केंद्रावर मात्र दूध यंत्रात घातले की भाव ठरवणारे आकडे उमटतात ते फॅट आणि एसएनएफचे. ६७व्या जागेला पावतीवर रकाना नाही.