वादळानंतर विचारलेला प्रश्न

पूर ओसरला की आपल्याकडे पंचनामा होतो. पडलेल्या भिंती, वाहून गेलेली जनावरं, बुडालेलं पीक, सगळं कागदावर येतं. पण घरात कोण आजारी पडलं, बाळंतीण कुठे होती, म्हातारीला कुणी उचललं, हे आम्हाला तरी आजवर कुणी विचारलं नाही. एका देशात मात्र असं विचारलं गेलं. त्याची ही गोष्ट.

१२ नोव्हेंबर १९७० ची रात्र. आजचा बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ भोला बेटावर आणि आसपासच्या किनाऱ्यावर आदळलं. समुद्राचं पाणी भिंतीसारखं गावांत शिरलं. या वादळात ३ ते ५ लाख माणसं गेली, असा अंदाज सांगतात.

ढाक्यात १९६० पासून कॉलरा संशोधन प्रयोगशाळा होती. पैसा मुख्यतः परदेशातून येई, डॉक्टर परदेशी आणि स्थानिक असे दोन्ही. मतलब नावाच्या भागात १९६६ पासून त्यांनी घरोघरच्या जन्ममृत्यूची नोंद सुरू केली होती. रोज दारोदार कोण जायचं? गावातल्याच दाया. परक्या माणसाला उंबरठ्याआतली गोष्ट कोण सांगणार? म्हणजे शास्त्र परदेशातून आलं, पण त्याला घराचं दार उघडून दिलं ते बायकांनी.

वादळानंतर याच प्रयोगशाळेतले डॉ. अल्फ्रेड सॉमर आणि डॉ. वायली मोझली यांनी पाहणी केली. लाखो घरांना विचारणं शक्य नव्हतं. मग शितावरून भाताची परीक्षा करावी तशी निवडक ठिकाणं घेतली. पहिली पाहणी लगेच, दुसरी १९७१ च्या सुरुवातीला. सगळ्यांना वाटत होतं, आता साथी पसरतील, औषधं पाठवा. पहिल्या पाहणीत दिसलं वेगळंच. तातडीची गरज अन्नाची आणि निवाऱ्याची होती. पुढचं पोट भरायला बैल आणि होड्या हव्या होत्या.

त्यांच्या हिशेबाने किमान २ लाख २४ हजार माणसं गेली होती. कोण गेलं, हा खरा प्रश्न. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि बायका जास्त गेल्या. धडधाकट पुरुष जास्त वाचले. वाचलेल्यांपैकी अनेकांची छाती, दंड आणि मांड्या सोलवटलेल्या होत्या. रात्रभर झाडाला मिठी मारून राहिल्याच्या त्या खुणा. आम्ही गटात हे वाचलं तेव्हा एकजण म्हणाली, "कडेवर लेकरू असेल, तर झाडाला मिठी कशी मारायची?" मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

१९७१ मध्ये युद्ध झालं, बांगलादेश जन्मला. पाहणीचा अहवाल १९७२ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच सुमारास रेड क्रॉस आणि सरकार यांनी मिळून गावोगाव स्वयंसेवक नेमायला सुरुवात केली. वादळ येतंय हे भोंग्यावरून सांगायचं, लोकांना हलवायचं.

पण उत्तर मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. २९ एप्रिल १९९१ च्या वादळात पुन्हा सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. नंतर काही कुटुंबांची पाहणी झाली. त्यात चाळिशीपुढच्या बायकांपैकी ३१ टक्के गेल्या होत्या. पक्क्या इमारतीत पोहोचलेलं एकही माणूस दगावलं नव्हतं. न पोहोचलेल्यांपैकी २२ टक्के गेले. मग बायका का पोहोचल्या नाहीत? नवरा घरी नाही, त्याला विचारल्याशिवाय घर कसं सोडायचं? निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी, आडोसा नाही. पाण्यात साडी पायात अडकते. ही कारणं बायकांनीच सांगितली.

त्यानंतर निवारे वाढले, बायकांसाठी वेगळी जागा ठेवली जाऊ लागली. आज तिथल्या सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. २००७ चं सिडर वादळही भयंकर होतं, पण मृत्यू सुमारे ३,४०० झाले. तेही थोडे नाहीत, पण लाखांवरून हजारांवर आले.

आणि ती प्रयोगशाळा? १९७८ मध्ये बांगलादेश सरकारने कायदा करून तिला आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र केलं. मुख्य ठिकाण ढाकाच राहिलं. मतलबची नोंदही पुढे चालू राहिली.

यातून आम्ही एक गोष्ट घेतली. उद्या आपल्या गावात पाहणीला कुणी आलं, मग ते मुंबईचे असोत की परदेशातले, तर माहिती जरूर द्यावी. पण दोन गोष्टी विचाराव्यात. घरातल्या बाईला वेगळं विचारणार का? आणि जे कळेल ते आम्हाला परत येऊन सांगणार का?

तोवर आपल्या बचतीच्या वहीत मागची दोन पानं कोरी ठेवूया. गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या किती, गरोदर किती, पाणी चढलं तर कोण कुणाला उचलणार, एवढं लिहूया. पावसाळ्याआधी लिहूया.