उमेदीच्या वर्षांचा खुराक

वर्धा जिल्हा म्हटला की आपल्याला सेवाग्राम आठवतं, पवनार आठवतं. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले, आणि जगाच्या नकाशावर या जिल्ह्याची खूण चरखा आणि अहिंसा अशी झाली. ती खूण खरीच आहे. पण याच जिल्ह्यात नागपंचमीला आखाड्याची माती खोदून मऊ केली जाते, यात्रेत आमदंगल भरते, आणि डफडं वाजायला लागलं की म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळा गाव रिंगण धरून बसतो. या दुसऱ्या वर्ध्याबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

मोठ्या मल्लांच्या मोठ्या कुस्त्यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ सांगितला जातो. कोणी कोणाला कोणत्या डावावर चीत केलं, हे जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. मला कुतूहल आहे ते उगवत्या मल्लाचं. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, अंगात रग आहे, वस्तादाने पाठीवर हात ठेवला आहे, पण अजून नाव झालेलं नाही. त्याचं नाव होईपर्यंत पाच-सहा वर्षं जातात. या वर्षांत तो घरात कमावून आणत नाही, उलट घरातलं खातो. दूध, तूप, बदाम, थंडाई हा खुराक रोजचा. पहाटे जोर-बैठका, मग लढती, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा आखाडा. शेतात राबायला तो नाही, शिक्षणातही लक्ष नाही. एखाद्या कुस्तीत गुडघा निसटला तर सगळंच संपलं. या कोरड्या वर्षांचा खर्च कोणी उचलला, हा प्रश्न घेऊन कुस्तीच्या इतिहासाकडे पाहिलं की तो वेगळाच दिसतो.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उत्तर म्हणजे राजाश्रय. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कोल्हापूरची गादी हाती घेतली आणि १९२२ पर्यंत, आपल्या निधनापर्यंत, तालमींना हात सैल ठेवून मदत केली. मल्लांच्या खुराकाची सोय संस्थानाकडून होई. १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं. हजारो माणसांना कुस्ती नीट दिसावी अशी त्याची खोलगट रचना आहे. बाहेरून मल्ल येत, त्यांच्याशी खेळून गावातली पोरं तयार होत. पोटाची चिंता नाही, शिकवायला वस्ताद आणि जोडीला तोलामोलाचा मल्ल, अशा तिन्ही गोष्टी एकाच गावात मिळाल्या. कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाली ती काही केवळ पंचगंगेच्या पाण्यामुळे नाही.

गामा पहिलवानाची गोष्टही अशीच आहे. १९१० मध्ये तो लंडनला गेला तो शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकाच्या खर्चाने. तिथे पोलंडच्या झिबिस्कोशी त्याची अडीच तासांहून अधिक कुस्ती चालली आणि निकाल लागला नाही. पुढच्या आठवड्यात झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी दोघांची पुन्हा गाठ घालून दिली, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत आस्मान दाखवलं. पण फाळणीनंतर ते आश्रयदाते राहिले नाहीत. १९६० मध्ये लाहोरला गामा वारला तेव्हा त्याची अखेरची वर्षं ओढगस्तीत गेलेली होती. जगज्जेत्याची ही गत, तर ज्याचं नाव कधी झालंच नाही त्याचं काय झालं असेल?

आता आपल्या मुलखाकडे येऊ. वर्ध्याला शाहू महाराज लाभले नाहीत, आणि याचं कारण थेट इतिहासात आहे. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये वारले. त्यांना औरस वारस नव्हता, म्हणून डलहौसीने राज्य खालसा केलं. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला, तो इंग्रजांच्या अमलाखालीच. कोल्हापुरात तालमी फुलत होत्या त्या काळात आमच्याकडे दरबारच उरला नव्हता. दरबाराची जागा घेतली मालगुजाराने. मध्य प्रांतात सारा गोळा करणाऱ्या या मंडळींना इंग्रजांनी गावांची मालकी दिली होती. त्याच सुमारास रेल्वे आली, हिंगणघाटच्या कापसाला दूरवरून मागणी आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. गावात रोख पैसा खेळू लागला आणि त्यातला थोडा आखाड्यातही आला.

पण दरबाराचा पैसा आणि मालगुजाराचा पैसा यांत फरक होता. दरबार मल्ल पोसत असे. मालगुजार किंवा कापसाचा व्यापारी दंगल भरवत असे. दंगलीत जिंकणाऱ्याला रोख इनाम, शेला, नारळ आणि चार गावांत नाव मिळे. हरणाऱ्याला थोडं काही देऊन निरोप. गावाची अब्रू पणाला लागलेली असल्यामुळे मोठी जोड बाहेरून बोलावली जाई आणि मोठं इनाम तीच घेऊन जाई. गावच्या उगवत्या पोराला वर्षातून एक दिवस टाळ्या मिळत; उरलेले दिवस त्याचा खुराक त्याच्या बापाच्या गोठ्यातून. म्हैस आटली की मल्लही आटला. शिवाय बापाचं सगळं कापसावर. ज्या वर्षी बोंडं किडली, त्या वर्षी बदाम बंद.

तोही आश्रय फार टिकला नाही. मध्य प्रदेशाच्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते न्यायाचंच होतं, त्याबद्दल दुमत नको. पण दंगलीचा मुख्य यजमानही त्याबरोबर गेला. देशभर संस्थानं विलीन झाली होतीच. दहा वर्षांच्या आत मल्लाच्या डोक्यावरची जुनी छपरं उडाली.

या दोन आश्रयांच्या मधे विदर्भात तिसरी एक वाट निघाली होती. शेजारच्या अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान क्लब काढला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून प्रसिद्ध झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. इथे आश्रयदाता एक माणूस नव्हता, लोकवर्गणीवर चालणारी संस्था होती. तिने शरीर कमावण्याला राष्ट्रकार्याचा मान दिला आणि व्यायामशिक्षक तयार केले. विदर्भाच्या शाळाशाळांत पोचलेली शिस्त ही या वाटेची कमाई. मात्र या वाटेने शिक्षक जितके घडले, तितके पोटासाठी लढणारे मल्ल घडले नाहीत. तो मंडळाचा उद्देशही नव्हता.

स्वातंत्र्यानंतर मल्लाचा खर्च कोणाचा, याचं उत्तर किती अधांतरी होतं, हे खाशाबा जाधवांच्या उदाहरणावरून कळतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान घेतलं आणि त्या पैशातून ते ऋण फेडलं. नीट पाहा, हौशी खेळाडूचं पदक शेवटी इनामी कुस्तीच्या पैशाने सोडवून घ्यावं लागलं! पुढे १९५५ मध्ये ते पोलिसांत फौजदार झाले. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

त्यानंतर स्पर्धा आली. १९६१ मध्ये दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. गदा मिळाली की नाव होतं, मैदानांची बोलावणी येतात, पुढे सरकारी नोकरीचं दार उघडू शकतं. नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांनी तीन-तीन वेळा गदा जिंकली आणि दोघेही पोलीस उपअधीक्षक झाले. गरीब घरच्या पोराला यापेक्षा मोठं स्वप्न कोणतं? पण गदा वर्षाला एक. बाकीच्या शेकडो मल्लांचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. आणि मानकऱ्यांची यादी चाळली तर पश्चिम महाराष्ट्राचीच नावं डोळ्यांत भरतात. ताकद काही नदी पाहून जन्माला येत नाही. तिकडे दरबार गेला तरी तालमी, वस्ताद आणि जत्रेतली मैदानं यांची साखळी टिकली, सहकारी साखर कारखान्यांच्या भागातला पैसा तिला मिळाला. आमच्याकडे साखळीचे दुवेच विरळ होते.

ही रड फक्त आपली आहे असं वाटू नये म्हणून दूरचं एक उदाहरण देतो. आयर्लंड हा पन्नास लाखांहून थोड्या अधिक वस्तीचा देश, पण बॉक्सिंगचं वेड मोठं. डब्लिनमध्ये १९३९ पासून खास बॉक्सिंगसाठी बांधलेलं स्टेडियम आहे. हौशी बॉक्सरांसाठी गल्लोगल्ली क्लब आहेत, तिथे फुकट शिकवणारी माणसं आहेत. प्रश्न येतो तो पोरगा व्यावसायिक झाला की. सुरुवातीच्या लढतींत त्याला आपल्या ओळखीपाळखीच्यांत स्वतःच तिकिटं खपवावी लागतात. ज्याची तिकिटं खपतात, त्याची लढत लागते. फेब्रुवारी २०१६ मध्ये डब्लिनच्या एका हॉटेलात लढतीआधीची वजनं चालू असताना टोळीयुद्धातून गोळीबार झाला, एक जण मारला गेला. त्यानंतर कित्येक वर्षं डब्लिनला मोठ्या व्यावसायिक लढती होईनाशा झाल्या. लंडन ऑलिंपिकची २०१२ ची सुवर्णविजेती केटी टेलर २०१६ मध्ये व्यावसायिक झाली, पुढच्याच वर्षी जगज्जेती झाली. तरी मायदेशात तिची पहिली व्यावसायिक लढत झाली मे २०२३ मध्ये. ती हरली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात डब्लिनलाच तिने त्या पराभवाची परतफेड केली. केटी निभावली, कारण ती केटी होती. पण गावात रिंगणच नाही तर पाचवी-सहावी लढत शोधणाऱ्या नवख्याने जायचं कुठे? वर्ध्याचा पोरगा आणि डब्लिनचा पोरगा इथे एका पंक्तीला बसतात.

आता पुन्हा घरी. देवळी हे वर्धा जिल्ह्यातलं कुस्तीचं गाव. विदर्भ केसरीचा मान मिळवलेले रामदास तडस इथलेच. ते २०१४ ते २०२४ वर्ध्याचे खासदार होते आणि राज्यातल्या एका कुस्ती संघटनेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. म्हणजे आश्रयदात्याची खुर्ची आता राजकारणात आहे, आणि हे चित्र सगळ्याच महाराष्ट्रात आहे. याचा फायदा असा की मैदानं भरतात, मॅट येते, बक्षिसात मोटारगाडी मिळते. तोटा असा की आश्रयदात्यांची भांडणं मल्लाच्या अंगावर येतात. संघटना दोन झाल्या आणि २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरीही दोन झाले. फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. दोघेही कसलेले मल्ल, दोघांचाही घाम खरा. पण पुढे नोकरीच्या अर्जात कोणती गदा धरली जाईल, ही काळजी त्यांच्या मागून येणाऱ्या पोरांना लागली.

त्याच देवळीत जानेवारी २०२५ मध्ये महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या भाग्यश्री फंडने कोल्हापूरच्या अमृता पुजारीला हरवून गदा उचलली. ही स्पर्धा सुरू झाली ती २०२३ मध्ये, सांगलीला. प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी. मला ही घटना फार मोलाची वाटते. ज्या आखाड्याच्या उंबऱ्यावर बाईने पाय ठेवू नये असं म्हणत, त्या आखाड्याच्या गावात मुली लढल्या. आणि त्यांच्यामागे ना दरबार आहे, ना मालगुजार, ना शंभर वर्षांची तालीम. बहुतेकींच्या मागे बाप आहे, भाऊ आहे, घरची म्हैस आहे. म्हणजे आमच्या वर्ध्याच्या जुन्या मल्लाचीच ही स्थिती, फक्त पोरीच्या वाट्याला लोकांची बोलणी अधिक.

इतिहासाचा अभ्यासक भविष्य सांगत नाही. पण दीडशे वर्षांच्या हिशेबातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. राजा, मालगुजार, सरकार, पुढारी, प्रत्येकाने जिंकलेल्या मल्लाला मुक्त हस्ताने दिलं. न जिंकलेल्याला वर्षानुवर्षं पोसण्याचं काम फार थोड्यांनी केलं, आणि जिथे ते झालं तिथेच मल्लांची रांग उभी राहिली. प्रत्येक तालुक्याला एक मॅट, पगारी वस्ताद, दुखापतीचा खर्च आणि शाळेशी जोडलेलं वसतिगृह, एवढं जरी मिळालं तरी हिंगणघाट, आर्वी, देवळीच्या पोरापोरींची उमेदीची वर्षं कापसाच्या भावावर लटकणार नाहीत.

आमदंगलीत मोठ्या जोडी लागतात त्या शेवटी, दिवस कलल्यावर. सुरुवातीला लहान पोरांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. तेव्हा रिंगण अर्धं रिकामं असतं, माणसं चहा पीत, गप्पा मारत उभी असतात. पुढच्या दंगलीला जाल तेव्हा जरा लवकर जा.