बैलगाडी शर्यतीचे मैदान : गर्दी व सुरक्षितता

सांगली, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात, म्हणजे कवठे महांकाळ, जत, आटपाडी, माण आदी तालुक्यांतील माळरानांवर, ग्रामदैवतांच्या यात्रांच्या निमित्ताने खिलार बैलांच्या ज्या शर्यती भरतात, त्यांत प्रेक्षक, गाडीवान व जनावरे यांच्या जीविताला गर्दीमुळे निर्माण होणारा धोका आणि त्याच्या निवारणाची तजवीज, हा प्रस्तुत नोंदीचा विषय होय. हलक्या दुचाकी छकडीला बैलांची जोडी जुंपून, समांतर चाकोऱ्यांतून एका वेळी अनेक गाड्या सोडल्या जातात. आधी गट, मग उपांत्य आणि शेवटी अंतिम फेरी, असा क्रम असतो.

धोका मैदानभर सारखा पसरलेला नसून दोन ठिकाणी एकवटलेला असतो. पहिले ठिकाण गाड्या सोडण्याच्या रेषेचे. निशाण पडेपर्यंत उसळणारी जोडी वेसणीला धरून थोपविण्यासाठी प्रत्येक गाडीपुढे अनुभवी माणसे उभी राहतात आणि निशाण पडताच क्षणार्धात त्यांना बाजूस व्हावे लागते. त्यांच्या पाठीशी मालकाचे स्नेही, चित्रण करणारी मंडळी व हौशी तरुण यांचे कडे पडले, की बाजूस होण्याची वाटच नाहीशी होते. दुसरे ठिकाण निकालाच्या रेषेपलीकडचे. भरवेगाने आलेली जोडी रेषेवर थांबत नाही, ती पुढे बरेच अंतर धावत राहते, आणि नेमक्या त्याच मोकळ्या जागेत विजयी बैलांना पाहण्यासाठी लोक दोन्ही बाजूंनी धाव घेतात. बिथरलेल्या बैलाला माणसांची भिंत दिसली म्हणजे तो कोणत्या बाजूस वळेल, हे कासरा हाती असलेल्या गाडीवानासही सांगता येत नाही.

कवठे महांकाळ तालुक्यातील बोरगाव येथे नोव्हेंबर 2025 मध्ये कुस्तीगीर चंद्रहार पाटील यांनी भरविलेले ‘श्रीनाथ केसरी’ मैदान या प्रश्नाचे ठळक उदाहरण ठरले. पहिल्या क्रमांकाचे फॉर्च्युनर मोटारीचे बक्षीस ‘हेलिकॉप्टर बैज्या’ व ‘ब्रेक फेल’ या जोडीने मिळविले. प्रेक्षकांचा अफाट जनसमुदाय लोटला. आणि त्याच मैदानात बैलगाडीच्या धडकेने एका वृद्ध प्रेक्षकास प्राण गमवावे लागले. बक्षिसाचे मोल वाढते त्या मानाने गर्दी वाढते, हे आयोजकांस ठाऊक असते. बंदोबस्त मात्र त्या मानाने वाढत नाही, ही या प्रकारातील खरी उणीव आहे.

मोटारशर्यतींचा अनुभव येथे उद्बोधक आहे. फ्रान्समधील ल माँ येथे 11 जून 1955 रोजी, दुरुस्ती व इंधनासाठी थांबण्याच्या जागेकडे (पिट लेनकडे) एक मोटार अकस्मात वळल्याने मागील मोटारींची टक्कर होऊन ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्या काळी ही जागा धावपट्टीपासून भिंतीने अलग केलेली नव्हती. बेल्जियममधील झोल्डर येथे 1981 साली, अरुंद व माणसांनी भरलेल्या पिट लेनमध्ये एका यांत्रिकाचा मोटारीखाली सापडून अंत झाला. या व पुढील अपघातांतून धडा घेऊन पिट लेनमध्ये वेगमर्यादा आली, जी फॉर्म्युला वनमध्ये सामान्यतः ताशी 80 किलोमीटर आहे, आणि बिनकामाच्या इसमांस तेथे मज्जाव झाला. बैलाला वेगमर्यादा घालता येत नाही. म्हणून आपल्याकडे मज्जावाचेच महत्त्व अधिक.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी या शर्यतींवर बंदी घातली, 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्रात त्यांना सशर्त मुभा दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरविली. शर्यतीस जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. मूळ कायदा प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालण्यासाठी 1960 साली झालेला असल्याने या व्यवस्थेचा भर साहजिकच बैलांच्या संरक्षणावर आहे, आणि तो सर्वस्वी योग्यही आहे. परंतु त्याच परवानगीपत्रासोबत मैदानाचा नकाशा जोडून, सोडण्याच्या रेषेमागील व निकालाच्या रेषेपुढील पट्टा मजबूत कठड्याने बंदिस्त करण्याची, आणि तेथे ओळखपत्रधारक धरणारे, पंच व पशुवैद्य यांखेरीज कोणासही प्रवेश न देण्याची अट घातली जावी. पट्टा रिकामा झाल्याखेरीज निशाण न टाकण्याचा अधिकार झेंडापंचास असावा, आणि त्या निर्णयात आयोजकासही हस्तक्षेप करता येऊ नये.