धर्माचा रकाना

१६ ऑक्टोबर १९५६ची संध्याकाळ. नागपूरची दीक्षा होऊन दोनच दिवस झाले होते. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या आग्रहाखातर डॉ. बाबासाहेब आंबेडकर खालावलेल्या प्रकृतीने चांद्याला आले आणि लोटलेल्या जनसमुदायाला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. गडचिरोली तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. त्यानंतर दोन महिनेही उलटले नाहीत तोच बाबासाहेब गेले.

धर्म निवडण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने दिलाच होता. पण १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात एक अट होती: हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा समजू नये. काही शीख जातींचा तेवढा अपवाद होता. १९५६ साली सगळ्याच शीख दलितांना तो लागू झाला. चांद्याच्या मैदानावरून बौद्ध होऊन परतलेला माणूस मात्र केंद्राच्या यादीतून बाहेर पडला. गावकुसाबाहेरचे त्याचे घर तिथेच राहिले, विहिरीवरचा विटाळही तोच राहिला. बदलला फक्त अर्जातला धर्माचा रकाना. महाराष्ट्र सरकारने आपल्या अखत्यारीतल्या सवलती पुढे नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या नोकऱ्यांचे आणि राखीव मतदारसंघांचे दार बंदच राहिले. ते उघडायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! दीक्षेच्या दिवशी आईच्या कडेवर असलेली पोरे तोवर सरकारी नोकरीचे वय ओलांडून गेली होती.

याच चांदा जिल्ह्यातल्या गोंड-माडियांना हा जाच झाला नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अटच नाही. पेन म्हणजे आपले पारंपरिक देव पुजणारा गोंड असो की चर्चमध्ये जाणारा, त्याची जमात कायम. एकाच जंगलमुलखात शेजारी राहणाऱ्या दोन समाजांना राज्याने अशा दोन मापांनी मोजले.

धर्मावरून माणूस मोजण्याची गोष्ट एकट्या भारताची नाही. योगायोग असा की इस्रायलचा परतीचा कायदाही १९५०चाच, जुलै महिन्यातला. जगातल्या प्रत्येक ज्यूला त्या राष्ट्रात येण्याचा हक्क त्याने दिला. पण ज्यू कोण, हे मात्र तेव्हा त्यात लिहिले नव्हते. लग्न आणि घटस्फोट धर्मपीठाच्या हाती होते. त्याची झळ मराठी माणसांनाच बसली. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल मोठ्या ओढीने तिकडे गेले होते. धर्मगुरूंनी लग्नाआधी त्यांच्या आई-आजीपर्यंतच्या वंशाची चौकशी लावली. कोकणात ज्यांचे ज्यूपण कोणी तपासले नव्हते, त्यांना ज्यूंच्या राष्ट्रात ते सिद्ध करायला सांगण्यात आले. जेरुसलेममध्ये त्यांनी ठिय्या दिला, आणि १९६४ साली तिथल्या संसदेला ते सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर करावे लागले.

इस्रायलने धर्मावर राष्ट्र उभारले, भारताने धर्मनिरपेक्षतेवर. तरी दोन्हीकडे सरकारी मेजावर माणसाची श्रद्धा तपासली गेली आणि दोन्हीकडे अन्याय झाला. भारतातला तो अजून संपलेला नाही. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दर ऑक्टोबरात माणसांचा सागर लोटतो. पण १९५०च्या आदेशातली धर्माची अट आजही लागू आहे, आणि ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेला दलित आजही त्या यादीबाहेर आहे.